पातेरा जाळू नका: कोकणात नव्याने शेतीला लागणाऱ्यांसाठी

मुंबईहून गावी परतलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात तीन सल्ले मिळतात. जेसीबी लाव, सगळं साफ कर, काजू टाक. मीही ते ऐकले. कुडाळ आणि सावंतवाडीच्या मधल्या आमच्या गावात उताराची एकरभर वरकस जमीन होती. तिच्यावरचा कुंभा, करवंदीच्या जाळ्या, रायवळ झुडपं मे महिन्यात दोन दिवसांत सपाट केली आणि जमलेला पातेरा ढीग करून पेटवून दिला. जुलैच्या अखेरीस खालच्या व्हाळात, म्हणजे ओढ्यात, उतरलो तर पाणी गेरूसारखं तांबडं. वर कलमांच्या बुडाशी जांभा उघडा पडलेला. शेजारचे आबा बघायला आले, बांधावर उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "मेल्या, झाडाचा जेवाण कित्याक जाळलंस?"

पातेरा म्हणजे झाडाखाली पडलेला सुका पाला. हा सगळा लेख एका अर्थाने त्याच्याबद्दलच आहे.

सिंधुदुर्ग-रत्नागिरीत वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो, आंबोलीसारख्या ठिकाणी त्याच्या दुपटीहून अधिक. आकडा नुसता वाचून काही वाटत नाही, म्हणून हिशेब करून बघा: 3000 मिलिमीटर म्हणजे एका गुंठ्यावर तीन लाख लिटर पाणी, तेही जवळजवळ सगळं जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. एवढं पाणी जमिनीतलं जे विरघळतं ते खाली घेऊन जातं. मागे उरतं लोह आणि ॲल्युमिनियम, म्हणून आपली माती तांबडी आणि आम्लधर्मी. घाटावरच्या काळ्या जमिनीत खत टाकलं तर ते मातीत साठून राहतं, इथे ते टिकत नाही. इथली सुपीकता मातीत कमी आणि झाडांत जास्त असते. पान पडतं, कुजतं, मुळं ते लगेच वर ओढून घेतात. झाड तोडलं आणि पातेरा जाळला की ही साखळी तुटते आणि पहिल्या दोन-तीन सरींत राख व्हाळातून समुद्राकडे जाते. म्हणून इथे रान राखणं हे शेतीच्या कामातच मोडतं.

आधी कागद, मग कोयता

सातबारा काढा आणि शांतपणे वाचा. कोकणातल्या सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं असणं ही नवलाची गोष्ट नाही. आजोबांच्या भावांची नातवंडं अहमदाबादेत असतील, पण त्यांचा हिस्सा आहे. सामाईक जमिनीत कलमं लावून दहा वर्षांनी भांडणापेक्षा आधी वाटप करून घ्या, किंवा निदान लेखी संमती घ्या.

इतर हक्कांचा रकाना बघा. तिथे 'खाजगी वन' किंवा 'राखीव वन' असा शेरा असेल तर थांबा. 1975 च्या खासगी वने संपादन कायद्याने अशा बऱ्याच जमिनी सरकारजमा झाल्या आणि 1980 च्या वन संवर्धन कायद्याच्या दृष्टीने वनजमिनीवर फळबाग किंवा मसाला पिकं लावणं हाही वनेतर वापर ठरतो. म्हणजे तुमच्या मते तुम्ही झाडंच लावत असता, कायद्याच्या मते तुम्ही जंगल मोडत असता.

आपल्या मालकीतलं झाड तोडायलाही 1964 च्या झाडे तोडण्याबाबतच्या कायद्यानुसार परवानगी लागते. साग, खैर, ऐन, किंजळ, हिरडा, आंबा, फणस, जांभूळ ही सगळी त्या यादीत आहेत. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात तर 2013 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वृक्षतोडीवर बंदीच घातली. बांबूचं मात्र वेगळं आहे. 2017 च्या दुरुस्तीनंतर वनाबाहेरचा बांबू कायद्याने झाड राहिलेला नाही.

शेतकरी असल्याचा दाखला नसेल तर महाराष्ट्रात शेतजमीन सरळ विकत घेता येत नाही, हेही जाहिराती बघून भुलणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. आणि गाव पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यात आहे म्हणून कोणी घाबरवलं तर मसुदा स्वतः वाचा. त्यातले निर्बंध खाणी, दगडखाणी, प्रदूषण करणारे कारखाने आणि मोठी बांधकामं यांच्यावर आहेत. नांगरावर नाहीत.

एक पावसाळा नुसतं फिरा

हे कोणालाच पटत नाही, पण पहिलं वर्ष काहीही लावू नका. जून ते सप्टेंबर छत्री घेऊन जमिनीवर फिरा. पाणी कुठून येतं, कुठे तुंबतं, कुठे दोन तासांत निचरून जातं, बांध कुठे फुटतो, हे कागदावर काढा. ऑक्टोबरात पुन्हा फिरा आणि माती कुठे किती खोल आहे ते पारईने ठोकून बघा. कोकणात दहा पावलांवर माती बदलते: इथे हातभर, तिथे वितीवर कातळ.

सडा, म्हणजे वरचं जांभ्याचं पठार, याला सातबाऱ्यावर पोटखराब, म्हणजे लागवडीला निकामी, म्हणतात. नाव वाईट आहे. पावसाळ्यात त्याच कातळावर सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू फुलतात, यातली काही फुलं जगात इतरत्र सापडत नाहीत. कुठे कुठे कातळशिल्पं आहेत. सुरुंग लावून सड्यावर खड्डे पाडणं महाग पडतं, कलमं मे महिन्यात करपतात आणि खालच्या विहिरींचं पाणीही बिघडतं. सडा तसाच सोडा, त्याच्या कडेला काम करा.

काय राखायचं ते आधी ठरवा

काय लावायचं याची यादी सगळे करतात. मी उलटं सुचवतो. नकाशावर आधी ज्या जागांना हात लावायचा नाही त्या रंगवा.

व्हाळाच्या दोन्ही काठांवरचा निदान दहा-दहा मीटरचा पट्टा. डोंगराचा माथा आणि सर्वांत तीव्र उतार. ढोली असलेली जुनी झाडं, मग ती फळ देवोत वा न देवोत. बेहडा, सातवीण, जुना रायवळ आंबा अशा झाडांच्या ढोलीत धनेश घरटं करतो. मादी आत स्वतःला लिंपून घेते आणि नर महिनोन्महिने बाहेरून फळं आणून भरवतो. वड-उंबराची, रानजायफळाची बी हाच पक्षी मैलोन्मैल पेरतो. तुम्ही पाचशे रोपं लावाल, तो फुकटात किती लावतो याची गणती नाही. ढोलीचं झाड व्हायला शंभर वर्षं लागतात, त्यामुळे तोडताना 'पोकळच आहे' हे कारण सांगू नये.

गावात देवराई असेल तर तिच्या कडेला काही करण्याआधी मानकऱ्यांशी बोला. सुकी काठीसुद्धा बाहेर न्यायची नाही, हा बऱ्याच राईंचा नियम असतो आणि आपण चार बुकं शिकलो म्हणून तो मोडायचा नसतो. दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्डेची गोष्ट बघा. तिथे रानजायफळाच्या झाडांची दलदल लोकांनी देवाची म्हणून राखली. अशी दलदल महाराष्ट्रात फार दुर्मीळ, आणि आता ती जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली आहे. राईतून बी हवं असेल तर गाऱ्हाणं घालून, विचारून घ्या. माझा अनुभव असा की विचारणाऱ्याला नाही म्हणत नाहीत.

मग येतो लॉटवाला, म्हणजे उभं रान ठोक घेणारा लाकूड ठेकेदार. 'डोंगर तुमचा पडून आहे, सगळं रान एकदम देता का' असं विचारतो आणि एकरकमी आकडा सांगतो. लाकूड घाटावर बॉयलरला जातं. पैशांची नड खरी असते, म्हणून उपदेश करत नाही, फक्त रीत सांगतो. परवानगी मिळत असेल आणि तोडायचंच असेल तर डोंगराचे पाच भाग करा आणि चार-पाच वर्षांच्या अंतराने एकेक घ्या. ऐन, किंजळ खुंटाला फुटतात, एका खुंटावर दोन सरळ फुटवे ठेवून बाकीचे काढा. वीस वर्षांनी पहिल्या भागात परत येता.

डिसेंबरात जाळरेषा

आमच्याकडे बागा उन्हापेक्षा वणव्याने जास्त मरतात. जानेवारी ते मे. कोणी बांधावरचं गवत पेटवतो, कोणी बिडी टाकतो, कोणाला वाटतं जाळलं की नवं गवत चांगलं येतं. सात वर्षांची काजूची बाग दुपारच्या दोन तासांत जाते.

दत्तजयंतीच्या सुमारास, गवत पूर्ण वाळायच्या आत, हद्दीने दहा फुटी पट्टा मोकळा करा, हीच जाळरेषा. गवत मुळाशी कापा, पातेरा खराट्याने ओढून आपल्या बाजूला बागेत आत घ्या. पट्टा जाळून साफ करू नका, बरेच वणवे अशा 'नियंत्रित' जाळण्यातूनच सुरू होतात. रस्त्याकडच्या बाजूला पट्टा दुप्पट रुंद ठेवा. आणि शेजाऱ्यांकडे जाऊन सांगा की तुम्ही जाळणार असाल त्या दिवशी मला हाक मारा, मी पाणी घेऊन येतो. जाळरेषेइतकंच हे महत्त्वाचं आहे.

पातेऱ्याचं काय करायचं

झाडाच्या आळ्यात वितभर जाडीचा थर द्या, खोडापासून चार बोटं लांब, नाहीतर वाळवी लागते. पाऊस संपता संपता, नवरात्राच्या आसपास, ओल असतानाच. मे महिन्यात त्याखाली हात घालून बघा, थंड लागेल.

रानमोडी हे तण माजलेलं असेल तर फुलायच्या आधी, दिवाळीच्या सुमारास कापून तेही आच्छादनाला वापरा. फुलून बी धरल्यावर कापलं तर तुम्हीच पेरणी केलीत. बांधावर गिरिपुष्पाच्या फांद्या पावसाच्या सुरुवातीला खोचा. त्याचा पाला नत्राने भरलेला असतो आणि वर्षातून दोन-तीनदा छाटता येतो. आकेशिया मात्र फुकट मिळाला तरी लावू नका. त्याचा पातेरा लवकर कुजत नाही आणि खाली दुसरं काही उगवत नाही. बांधासाठी माणगा बांबू उत्तम: काटे नाहीत, भरीव काठी, दरवर्षी थोडी विक्री.

माती एकदा तपासून घ्या, सिंधुदुर्गात किर्लोसच्या कृषी विज्ञान केंद्राकडे चौकशी करता येते. आम्लधर्मी मातीत स्फुरद अडकून बसतो, झाडाला मिळत नाही. अशा जमिनीत रॉक फॉस्फेट हळूहळू विरघळून उपयोगी पडतं, सोबत शेणखत हवंच.

लागवड

खड्डे एप्रिल-मेमध्ये मारून उन्हात तापू द्या आणि रोहिणीच्या आधी माती, शेणखत, पातेरा घालून भरून ठेवा. आंब्याला एक मीटर लांब-रुंद-खोल, काजूला साठ सेंटीमीटर चालतो. मृगाचे दोन चांगले पाऊस झाले की लावा, पहिल्या सरीला घाई नको. उतारावर सपाटीकरण करू नका. प्रत्येक झाडापुरती अर्धचंद्रासारखी गादी करा, मागची माती पुढे ओढून, कडेला दगडांचा छोटा गडगा. रांगा उतारावर आडव्या, आणि खड्डे एकाआड एक, म्हणजे वरच्या दोन झाडांमधून निसटलेलं पाणी खालच्या झाडाशी अडतं.

काजू: वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राच्या वेंगुर्ला-4 आणि वेंगुर्ला-7 या जाती इथे रुळलेल्या आहेत. सातची बी मोठी, साधारण दहा ग्रॅमची. अंतर सात किंवा आठ मीटर. कलम घेताना जोड बघा, आणि पहिली दोन वर्षं जोडाखालून येणारा प्रत्येक फुटवा खुडा. हे विसरलात तर पाच वर्षांनी कलमाऐवजी गावठी खुंट वाढवल्याचं कळतं. बुंध्याशी भुसा दिसला तर रोठा लागला आहे. त्याच दिवशी साल तासून अळी काढा, महिन्यांनी झाड हलवून उपयोग नसतो. पानं शिवून घरटी करणाऱ्या लाल मुंग्या चावतात खऱ्या, पण मोहोर करपवणाऱ्या ढेकण्याला त्या खातात, म्हणून घरटी पाडू नका.

सगळीकडे काजूच लावू नका, हे मला सर्वांत आवर्जून सांगायचं आहे. दर पडला की गाव पडतं. दोडामार्गकडे एकसुरी रबराखाली डोंगरच्या डोंगर गेलेले मी पाहिले आहेत. हिरवं दिसतं, पण आत पक्ष्याचा आवाज येत नाही.

कोकम, म्हणजे आपला रातांबा, सावलीत येतो. माडांच्या मध्ये, जुन्या झाडांखाली, व्हाळाकाठी. याच्यात एक मेख आहे. नर आणि मादी झाडं वेगळी, आणि बियांपासून केलेल्या रोपांत सुमारे निम्मी नर निघतात, तेही सहा-सात वर्षं वाढवल्यावर समजतं. म्हणून दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कोकण अमृता, कोकण हातीस अशा जातींची कलमं घ्या आणि शंभरात दहा नर ठेवा. अमृताची फळं पावसाआधी तयार होतात, हे सोलं, म्हणजे कोकमाच्या साली, वाळवणाऱ्या घरात किती मोलाचं ते विचारा.

मिरीला नवा आधार उभारू नका. आहेत त्या आंबा, फणस, माड, सुपारीवर चढवा, खरबरीत साल हवी. वेल झाडाच्या उत्तरेला लावा, दक्षिणेचं ऊन कोवळ्या वेलाला भाजतं. पन्नियूर-1 ही जात दाट सावलीत फारशी धरत नाही, तेव्हा आधाराच्या खालच्या फांद्या विरळ करा. मिरी लावली की झाड तोडायचा विचार आपोआप मागे पडतो.

बारमाही झर असलेल्यांनी गोव्यात जाऊन एखादं कुळागर बघून यावं. वर माड, मध्ये सुपारी, तिच्यावर मिरी, खाली जायफळ, केळी, हळद, आणि उतारावरून पाटाने फिरणारं पाणी. फोंडा-सत्तरीकडे पिढ्यान्‌पिढ्या हे चाललं आहे. एका जागेत चार मजले.

रानझाडांची रोपं स्वतः करा. जांभूळ, फणस, रातांब्याचं बी वाळवून डब्यात ठेवलं की मेलं, फळ खाल्लं की दोन-चार दिवसांत पिशवीत टाका.

भात आणि दाढ

भात लावणार असाल तर दाढ, म्हणजे रोपांचा वाफा, भाजण्याचा प्रश्न येतोच. ऐन-किंजळाच्या फांद्या, पातेरा, शेण थरांनी रचून पेटवायचं आणि त्यावर तरवा, म्हणजे भाताची रोपं, पेरायचा. याला अडाणीपणा म्हणणाऱ्यांनी कधी भर पावसात तण काढलेलं नसतं. भाजल्याने तणाचं बी मरतं, रोपं जोमाने येतात, हे खरंच आहे. किंमत मात्र रान चुकवतं, दरवर्षी त्याच झाडांच्या फांद्या उतरल्या की ती नुसती खांबासारखी उरतात.

डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीत याला वाट आहे. भाताच्या तुसाची काळी राख वाफ्यात मिसळायची, चिखलणीआधी गिरिपुष्पाचा पाला शेतात टाकायचा, दोरीने जोडओळीत नेमक्या अंतरावर लावणी करायची आणि रोपांच्या चार चुडांच्या (जुडग्यांच्या) मध्ये युरिया-डीएपीची एक गोळी सात ते दहा सेंटीमीटर खोल खुपसायची. खोल गेल्याने खत वाहून जात नाही. पहिल्या वर्षी चार गुंठ्यांत करून बघा. लावणीला येणाऱ्या बायका दोरी बघून कुरकुरतील, त्यांना आधी चहा.

पाणी

तीन लाख लिटरचा गुंठा मार्चमध्ये कोरडा, हे कोकणचं दुखणं. उताराला तुटक समतल चर, माथ्यावर रान, आणि पाऊस संपताना व्हाळावर कच्चा बंधारा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात, धार चालू असतानाच, सिमेंटच्या रिकाम्या गोणींत वाळू-माती भरून पुरुषभरापेक्षा कमी उंच बांध घाला. शेजारच्या विहिरींना महिना-दीड महिना जास्त पाणी राहतं. मे अखेर गोणी काढून घ्या. उन्हाने फाटलेलं ते प्लास्टिक पहिल्या पुरात खालच्या माणसाच्या शेतात जातं, आणि तो माणूस बहुतेक आपलाच चुलता असतो.

माकडं

यावर तोडगा नाही. हळद, आलं, मिरीला माकडं फारशी तोंड लावत नाहीत, म्हणून घरापासून लांबच्या तुकड्यात तीच लावा. केळी, भाजी घराजवळ. तिलारीच्या बाजूला 2002 पासून कर्नाटकातून हत्ती येतात. तिथे केळी-माडाची नवी बाग लावण्याआधी गावात दोन रात्री राहून बघा.

पैसा आणि हत्यारं

पहिली तीन वर्षं जे येईल ते हळदीचं. काजू तिसऱ्या-चौथ्या वर्षी दाखवायला लागतो, मिरीही त्याच सुमारास, कोकम आणखी उशिरा. तोवर नोकरी सोडू नका, किंवा घरात एकाची तरी चालू ठेवा. फळझाडांसाठी भाऊसाहेब फुंडकर योजना आणि रोजगार हमी आहे. सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचा कृषी सहायक) खड्डे मारण्याआधी भेटा, नंतर नाही.

सुरुवातीला एवढंच घ्या: एक चांगला कोयता, आकडी, पारई, घमेलं, कलमं बांधायची कात्री, लांब दांड्याचा खराटा आणि प्लास्टिकचं पर्जन्यमापक. गवत कापायचा ब्रश कटर पहिल्या वर्षी भाड्याने मिळतो. चालवताना पायात बूट आणि डोळ्यांवर चष्मा हवा, जांभ्याचा खडा गोळीसारखा उडतो.